चुली दोन, काळी वायर एक

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला आपणहून पहिल्यांदा फोन केला तो अप्पा गेल्याचं सांगायला. "मेघा, अप्पा गेले गं… झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. एरवी त्यांचा निरोप अप्पांकडूनच यायचा.

अप्पा, माझे सासरे, ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर टेंभी नाक्याच्या दीड खोलीत त्यांनी प्लायवूडचं चालणारं कासव करायला घेतलं. पायांत आठ छोट्या सर्वो मोटारी आणि त्यांना हुकूम सोडणारा एक बोर्ड. आई त्याला 'तुमचं खूळ' म्हणायच्या आणि केर काढताना अलगद उचलून ठेवायच्या. कासव मात्र पाय उचलला की थरथरायचं आणि बंद पडायचं. बोर्ड आणि मोटारी एकाच पॉवर बँकेवर होत्या. मोटारींनी जोर लावला की बोर्डाच्या वाट्याला काही उरायचंच नाही. मग अप्पांनी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणली, मधे व्होल्ट उतरवणारा एक भाग घातला. दोन पावलांत तिला धाप लागली. "नुसत्या आकड्याला भुललो मी. बडा घर, पोकळ वासा," अप्पा म्हणाले.

त्याच सुमारास आमचं डोंबिवलीला राहायला जायचं घाटत होतं. माझी शाळा तिथे, आणि दीड खोलीत चौघं म्हणजे कुशीवर वळायचं तरी विचारून. आई म्हणाल्या, "मांडा वेगळी चूल. मग सणाला पाहुण्यांसारखे या." मला ते फार लागलं. माझ्यामुळे घर तुटणार, या भीतीने जेवण जाईना. नीलेश, माझा नवरा, दोघींच्या मधे पेपर धरून बसायचा.

अप्पांनी त्या आठवड्यात मोटारींना चार्ज होणारे चार सेल स्वतंत्र दिले. पॉवर बँक एकट्या बोर्डाला ठेवली. स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "एका चुलीवर दोघांचं भागत नाही. म्हणून काही भांडण झालं असं नाही." आणि बटण दाबलं. कासवाचे पाय चार दिशांना झटके द्यायला लागले.

"बघा तुमची वेगळी चूल," आई आतून म्हणाल्या. त्या रागातही मला हसू आलं.

अप्पा दोन दिवस कासव उलटंपालटं करत होते. शेवटी त्यांना चूक सापडली. सेलची आणि पॉवर बँकेची उणे बाजू, म्हणजे विजेच्या भाषेत 'जमीन', एकमेकींना जोडायचीच राहिली होती. त्यांनी वीतभर काळी वायर जोडली आणि कासव डुलत डुलत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.

"चुली दोन चालतात गं मेघा. पण खालची जमीन एक लागते. नाहीतर ह्याचं बोलणं त्याला कळत नाही."

"कळलं. मला ऐकू येतं," आई म्हणाल्या.

आम्ही डोंबिवलीला गेलो. पुढे दर शनिवारी अप्पांचा फोन यायचा, "उद्या काळी वायर जोडायला या." म्हणजे रविवारी जेवायला या. बिरड्याचे वाल सोलून आई तयार असायच्या, माझ्याशी बोलायच्या बेतानेच, पण निघताना द्यायच्या डब्यात माझ्यासाठी वेगळी वाटी काढलेली असायची.

अप्पा गेल्यावर आईंना डोंबिवलीला चला म्हटलं. "माझी चूल इथे आहे," म्हणाल्या. आम्ही जात होतो, पण कुणी बोलावल्याशिवाय जाणं मला जड जायचं… शनिवारी फोनकडे नजर जायचीच.

गेल्या शनिवारी तो वाजला. आई होत्या.

"अगं, त्यांचे ते सेल चार्जिंगला लावलेत. नुसते पडून राहिले की खराब होतात म्हणायचे." मग म्हणाल्या, "उद्या येताय ना, वायर जोडायला?"

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि अप्पा गेले त्या दिवशीही रडले नव्हते इतकी रडले.