ताईची रायफल निवडताना

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, फटकळ होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफली ते विकायचे आणि दुरुस्तही करायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, आणि सगळीकडे तेलाचा वास. तो वास त्यांच्या शर्टांना यायचा, वर्तमानपत्राला यायचा आणि ताईच्या मते चहालासुद्धा यायचा.

गिऱ्हाईक आलं की त्याला बहुतेक वेळा सगळ्यात जोरदार रायफल हवी असायची. भावजी ती हातात द्यायचे आणि शेजारच्या खुर्चीत बसवून म्हणायचे, वीस वेळा ताणा. या रायफलीत दारू नसते. नळी बिजागरीवर खाली वाकवायची, तिच्याबरोबर आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि खटका बसतो. दर छऱ्याआधी एवढी मेहनत. पहिल्या पाच वेळा सगळेच पैलवान असतात, बाराव्या खेपेला खांदा कुरकुरायला लागतो. विसाव्या खेपेला हात थरथरला की भावजी रायफल काढून घ्यायचे आणि म्हणायचे, ही तुमची नाही. छऱ्याला जोर शेवटी तुमच्याच हाताचा मिळतो. हात दमला की नेम गेला. निम्मी गिऱ्हाइकं फणकारून निघून जायची. भावजींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ताईसुद्धा फणकारली होती, पण निघून गेली नाही. लग्नाआधीची गोष्ट. तासभर वाद घालून शेवटी त्यांनी दिली ती हलकी रायफल घेऊन आली आणि पुढच्याच आठवड्यात कबूल करून बसली की माणूस आडमुठा आहे पण बरोबर आहे. मग तिला तेल संपलं म्हणून दुकानात जावं लागे. कधी वॉशर झिजायचा, कधी स्क्रू ढिला व्हायचा. शेवटी वडिलांनी विचारलं की ही रायफल तेल पिते की काय. वर्षभरात लग्न झालं.

पुढची अठ्ठावीस वर्षं दर रविवारी सकाळी ताई नेमबाजीच्या शेडमध्ये जायची. बंद पडलेल्या कारखान्यामागची पत्र्याची लांब शेड, दहा मीटरवर कागदाची टार्गेटं. ती काही फार मोठी नेमबाज नव्हती. दोन कप मिळाले होते, त्यांत ती केसांच्या पिना ठेवायची. पण आठवडाभर घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण यांत विरघळून गेलेली ताई रविवारी तीन तास अख्खीच्या अख्खी दिसायची. मी तिला आणायला जायची, तेव्हा बाहेर उभी राहून बघायची.

मग तिच्या हातांतलं बळ जायला लागलं. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग ओला टॉवेल पिळता येईना. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू झिजताहेत, हे थांबणारं नाही. ताईने घरी येऊन एकच गोष्ट सांगितली. "माझी रायफल दुसऱ्या कुणी ताणून द्यायची नाही. मला ताणता येईल तोवर मी जाईन. ताणता नाही आली, तर तसं मला सांगा. मी ठेवून देईन." भावजींनी मान हलवली.

आणि मग त्या माणसाने, जो आयुष्यात कुणाशी तोंडदेखलं गोड बोलला नाही, लबाडी सुरू केली. सर्व्हिसिंग करतो म्हणून ते ताईची रायफल दुकानात न्यायचे, स्प्रिंगचा एक वेढा कापायचे, टोक घासून सपाट करायचे आणि परत बसवायचे. स्प्रिंग नरम झाली की छरा हळू जातो आणि टार्गेटवर खाली लागतो. म्हणून नेम धरायची साइटही थोडी वर चढवून ठेवायचे. असं त्यांनी तीनदा केलं. मला कळलं ते टेबलाखालच्या डब्यात ते तुकडे दिसले म्हणून. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तिने तुमच्याकडे खरं मागितलंय, दया नाही. ते म्हणाले, तू मध्ये पडू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी.

ताईला हे कळणार नाही, असं फक्त त्यांनाच वाटू शकतं. साइट वर केली, पण आवाजाचं काय करणार? पूर्वी चाप ओढला की रायफलीचा आवाज आणि कागद फाटल्याचा आवाज जवळजवळ एकत्र यायचे. आता मध्ये फट पडत होती. एका रविवारी परत येताना ताई मला म्हणाली, "छरा आता चालत जातो गं." आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर तिने भावजींना सांगितलं, माझी जुनी झाली, मला नवी रायफल निवडायचीय. सगळ्या गिऱ्हाइकांना देता तशीच द्या, वीस वेळा ताणून. मला सोबत घेऊन गेली. भावजींनी सगळ्यात हलकी रायफल काढली. तिचीही स्प्रिंग त्यांनी आधीच कापून ठेवली असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ताई खुर्चीत बसली. भावजी मोजायला लागले.

सहाव्या खेपेला तिच्या कपाळावर घाम आला. तिने दोन्ही हातांनी नळी धरली, रायफलीचा दस्ता मांडीत रोवला आणि पुन्हा ताणली. भावजी म्हणाले, नऊ. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. दहानंतर ते पंधरा म्हणाले, मग लगेच अठरा. वीस म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात बारा मोजले होते. ताईचे हात मांडीवर पडून थरथरत होते. आयुष्यभर ज्या माणसाने परक्यांचे थरथरते हात बघून रायफल काढून घेतली, तो माणूस तिच्या हातांकडे बघत नव्हता.

"ही तुझीच आहे," ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. पसंत आहे."

घरी गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाली, "मी तिथे का गेले होते माहीत आहे? ते म्हणतील, ही तुझी नाही. मग मी रायफल ठेवेन आणि आम्ही दोघं एकदा पोटभर रडू. अजून एकदाही रडलो नाही गं आम्ही. ते रडूच देत नाहीत." मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना. तिने मला शपथ घातली. नवी रायफल तिने एकदाही वापरली नाही. भावजींना सांगितलं की हात ठीक आहेत, पण डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून थांबते. डोळ्यांना काही झालं नव्हतं. दहा महिन्यांनी ती गेली.

भावजींनी दुकान पुन्हा उघडलं, पण आता मागेल त्याला मागेल ती रायफल देतात. वीस वेळा ताणा म्हणत नाहीत. जेवणाकडे लक्ष नाही, म्हणून मी अधूनमधून जाऊन स्वयंपाक करून येते. मनात त्यांच्यावरचा राग होताच. एके दिवशी विचारतील, तेव्हा सगळं तोंडावर फेकायचं, असं ठरवून बसले होते.

परवा त्यांनी विचारलं. पुढ्यात ताट होतं आणि ते त्यातला भात नुसताच बोटांनी चिवडत होते.

"तुला तर सगळं माहीत होतं. तिला कळलं होतं का? मी मोजताना..." पुढचं त्यांच्याने बोलवेना.

मी त्यांच्याकडे बघितलं. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण तुटलेलं.

"नाही," मी म्हणाले. "काही कळलं नव्हतं तिला."

"म्हणजे ती डोळ्यांमुळेच थांबली."

"डोळ्यांमुळेच."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग खूप दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले, पुन्हा भात मागून घेतला. मी तो वाढला, आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं.