अण्णांची नळी आणि कुक्सहाफेनची शेगडी

शेजाऱ्यांना सांगितलं, मुलीला भेटायला जर्मनीला चाललोय. खरं कारण बॅगेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं: अण्णांची नळी. खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीला आमच्या दापोलीकडे नळी म्हणतात. ती नसेल तर पुढची बोट नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मालवाहू जहाज एल्ब नदीच्या मुखाशी वाळूत रुतून फुटलं. सगळे बचावनौकेत उतरत होते आणि अण्णा नळीसाठी परत खाली धावले. मोजणीत एक माणूस कमी भरला, म्हणून दुसरा मालम त्यांच्यामागे उतरला. मालम म्हणजे डेकवरचा अधिकारी, हा वेल्सचा. त्याने कमरेभर पाण्यातून अण्णांना शिडीवर ढकललं. नळी अण्णांच्या हातून सुटली, मागे शिडीही तुटली. अण्णांना बेशुद्धीतच हॅम्बुर्गच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून थेट मुंबई. काही आठवड्यांनी नळी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पोचली. सोबत चिठ्ठी नाही. ती मालमच्या प्रेताच्या खिशात सापडली असणार, असं अण्णांनी धरलं. विचारायची हिंमत झाली नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं, की ते खाली "अडकले होते". खरं सांगितलं ते मी निघताना.

"त्याच पाण्यात सोड ही," म्हणाले. "माझ्यापायी गेला तो."

मुलगी मधुरा हॅनोव्हरला पीएचडी करते. तिथून एल्बच्या मुखावरच्या कुक्सहाफेनला जायचं तर राज्याचं दिवसाचं तिकीट काढा. दोघांत एकच पुरतं, पण कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतं. ब्रेमरहाफेनला गाडी बदलायची. धक्क्यावर पावात घातलेला हेरिंग मासा मिळतो. कच्चा कांदा मागून घ्या.

किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र गायब! क्षितिजापर्यंत नुसता चिखल.

"बाबा, तुम्ही कोकणातले ना? भरती-ओहोटी बघितली नाहीत?"

मी, तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये मायक्रॉन मोजणारा, भरतीची वेळ बघायलाच विसरलो होतो. तुम्ही मात्र भरतीचं वेळापत्रक आधी बघा.

पाणी यायला तीन तास होते. वारा हाडात शिरत होता, म्हणून बचावनौकेच्या जुन्या ठाण्यात शिरलो. आता तिथे छोटा संग्रह आहे. सांभाळणाऱ्या हाइकेबाई पंच्याऐंशीच्या घरात. त्यांचे वडील त्या काळी बचावनौका चालवत. मधुराने हकिगत सांगितली आणि मी नळी पुढे केली. बाई पानं उलटू लागल्या आणि एका तपकिरी डागावर थांबल्या. बऱ्याच पानांवर तसाच अर्धवर्तुळाकार डाग आहे. मी तो लहानपणापासून गंजाचा समजत होतो.

"हे आमच्या शेगडीनं केलंय," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यात बिडाची शेगडी होती. माझ्या खिशात सहा इंची पट्टी कायम असते. वरच्या कड्याची गोलाई मोजली, डागाची मोजली. तंतोतंत तीच.

"गेनाऊ," मधुरा हळूच म्हणाली, म्हणजे 'अगदी बरोबर'.

बाई सांगत गेल्या, मधुरा मराठीत आणत गेली. मालमला त्यांच्या वडिलांनी तासाभराने पाण्यातून उचललं होतं. जिवंत! मनगट मोडलेलं, वही शर्टाच्या आत. "हॅम्बुर्गहून फोन येऊन तो हिंदी खलाशी जगलाय हे कळेपर्यंत सूपला हात लावला नाही त्यानं. मी ओरडले, आधी हात बांधून घे! तर म्हणतो, वहीशिवाय त्याला काम कोण देईल? रात्रभर एका हाताने एकेक पान शेकत बसला. काही करपलीही. स्वयंपाक येत नसणार!" आणि त्या खळखळून हसल्या.

पुढे तो कप्तान झाला. जहाज एल्बमध्ये आलं की बाईंच्या आईसाठी चहाचा डबा घेऊन यायचा. म्हातारपणी आपल्या गावी शांतपणे वारला. बाईंनी त्याचा फोटो दाखवला: ठेंगणा, कान मोठे, टोपी तिरकी.

बाहेर आलो तेव्हा भरती लागली होती. मधुराने माझ्याकडे पाहिलं. मी नळी पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली.

घरी पोचलो. अण्णा ओटीवरच बसले होते.

"सोडलीस?"

"नाही." मग सगळं सांगितलं, मोजमापासकट.

"मोडक्या हातानं?"

"हो."

"येडा रे येडा." डोळे पुसले आणि हात पुढे केला. "दे इकडं. माझी आहे ती."