पाहुण्यांसाठी न्हाऊ घातलेली मुलं

कुसुमताई गेल्या, हे मला झाशीच्या दतिया गेटापाशी भाजी घेताना कळलं. भाजीवाला तराजू हातात धरूनच म्हणाला, "बहनजी, वो नगरा वाली मराठिन चाची नहीं रहीं।" मी भाजी तशीच सोडून घरी आले. रडू आलं नाही, राग आला. आमचं एक भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि आता ते कायमचं माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं...

माझे यजमान रेल्वेत, बदली होऊन आम्ही इथे आलो. ताई मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाशीच्या. लोको शेडच्या मागे इंजिनांची राख टाकतात. त्या ढिगातून अर्धवट जळलेला कोळसा वेचून विकणाऱ्या बायका आपली मुलं तिथेच खेळायला सोडत. ही राख वरून थंड दिसते, आत धगधगत असते. भाजलेले चिमुकले पाय ताईंना बघवेनात, म्हणून त्यांनी नगरा वस्तीत एक खोली भाड्याने घेऊन पाळणाघर काढलं. मीही मदतीला जाऊ लागले. आम्ही इतकी वर्गणी मागितली की शेजारी आम्हाला पाहताच दार लावून घेऊ लागले, तेव्हा पालिकेच्या अनुदानासाठी अर्ज केला. गरीब मुलांसाठी काम करणाऱ्यांना ते मिळे. समिती पाहणीला येणार म्हटल्यावर ताईंच्या अंगातच आलं. मुलांना न्हाऊ घातलं, डोक्याला तेल, डोळ्यांत काजळ, रेल्वे कॉलनीतून मागून आणलेले कपडे. समितीसाठी श्रीखंड-पुरी! पुऱ्या मीच लाटल्या. सदस्य पोटभर जेवले, मुलांचे गालगुच्चे घेतले आणि निघताना म्हणाले, "चाचीजी, ये तो खाते-पीते घरों के बच्चे हैं।" अनुदान नाकारलं गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी ठरली. भाडं थकलेलं, घरमालक दारात. ही शेवटची संधी आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी स्पष्टच सांगितलं, "ताई, उद्या मुलं येतात तशीच बसू द्या. फाटकं असू दे, शेंबूड असू दे."

"म्हणजे पोरांना मुद्दाम मळकं बसवू? चार मंडळी यायची त्या दिवशी?"

"अहो, गरिबी दिसल्याशिवाय पैसे कसे देतील ते?"

"गरिबी बघायची तर ढिगावर जाऊन बघा म्हणावं. माझ्या दारात पोरं भीक मागायला बसणार नाहीत गं."

सकाळी जाऊन बघते तर पाण्याचा हंडा चुलीवर, आणि ताई एकेकाच्या कानामागची काजळी घासून काढतायत. समिती आली, हसली, गेली. पाळणाघर बंद झालं आणि मुलं पुन्हा ढिगावर गेली. "तुमच्या मानापायी पोरं राखेत गेली," मी तोंडावर म्हटलं. त्यानंतर कितीदा भेटलो, चहा प्यायलो, पण त्या वाक्याचं उत्तर ताईंनी कधी दिलं नाही. अर्ज मात्र करत राहिल्या, हात थरथरू लागेपर्यंत. कोणी आलं नाही. माझंच बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. आणि तसं वाटून काडीचंही समाधान मिळत नाही.

परवा समाचाराला गेले तेव्हा रामकली आली होती. ताईंच्या पाळणाघरात वाढलेली पोर. आता स्वतःच कोळसा वेचते. कडेवर मुलगा, न्हाऊ घातलेला, केस तेलाने चप्प बसवलेले, अंगात धुतलेला सदरा. मी बघत राहिले तशी म्हणाली, "नहला के लाए हैं। चाची के घर ऐसे कैसे ले आते?" तिने त्याला ताईंच्या फोटोपुढे वाकवलं.

"दिन भर इसे किसके पास छोड़ती हो?" मी विचारलं.

"किसके पास छोड़ें, बहनजी? संगे रहत है, उतईं।" उतईं, म्हणजे तिथेच, ढिगावर.

उंबऱ्याबाहेर जाऊन तिने मुलाच्या अंगातला सदरा काढला, नीट घडी करून पदरात बांधला, आणि त्याला उघडाच कडेवर घेऊन लोको शेडच्या वाटेला लागली.