कळकवाडीचा एक जून

आमच्या कळकवाडीत एक जूनला जन्मलेली एकसष्ट माणसं आहेत. उंबरे सगळे मिळून नव्वद. रिह्याच्या खोऱ्यातलं एवढंसं गाव, आणि एकाच दिवशी एकसष्ट जन्म! सरपंच एक जूनचा, पिठाच्या गिरणीवाला एक जूनचा, दोन सख्खे भाऊ एक जूनचे आणि त्यांची चुलतीही एक जूनचीच. दरवर्षी त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर असा काही फ्लेक्स लागतो की मागचा डोंगर दिसत नाही. पाहुणे बघून हसतात. मी हसत नाही, कारण ही सगळी बाळंतपणं मी केलेली आहेत, शाईच्या पेनानं.

मी एकनाथ गुरुजी. एकविसाव्या वर्षी कराडकडून इथल्या शाळेवर आलो, सदतीस वर्षं खडू झिजवला आणि इथंच राहिलो. पोराचं नाव घालायला बाप यायचा. जन्मतारीख विचारली की डोकं खाजवून म्हणायचा, "लावणी चालल्ती बगा गुरुजी, आनि आमची म्हस व्यालेली." आता म्हशीचा दाखला मी कुठं जोडू? आमचे मुख्याध्यापक बंडोपंत. त्यांची तोड ठरलेली होती. म्हणायचे, "अंगलट बघ, साल धर, एक जून टाक आणि मोकळा हो." शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर भरतं, कुणाचं काही अडत नाही. मीही मोकळा होत गेलो.

पण ही तोड मला कळायच्या आधी, माझ्या पहिल्याच आठवड्यात, शहात्तर सालच्या जूनमध्ये, एक बाई सात वर्षांच्या पोरीला घेऊन शाळेत आली. पोरीचे केस तेलानं चापूनचोपून बसवलेले, हातात कोपरा फुटलेली पाटी. मी तारीख विचारली. बाई पुनव, ऐतवार, चांद असलं काहीतरी सांगायला लागली. मी नुकताच डी.एड. होऊन आलेलो, अंगात वारं शिरलेलं. म्हटलं, "बाई, हे पुराण इथं चालत नाही. तारीख घेऊन या." ती पोरीचा हात धरून निघून गेली. पोर मात्र फाटकापर्यंत मागं वळून बघत होती.

दुपारी बंडोपंतांनी माझी खरडपट्टी काढली. "अरे उंटावरच्या शहाण्या, ती चांगुणा! या खोऱ्याची सुईण. अर्धं खोरं तिच्या हातावर जन्मलंय, आणि तू तिला तारीख विचारतोस? जा, बोलावून आण." उद्या जातो म्हटलं. तो उद्या काही उगवला नाही. नव्या मास्तरानं सुइणीच्या दारात जाऊन चूक कबूल करायची म्हणजे, छे! पुढच्या सोमवारपासून मी एक जून टाकायला लागलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सदतीस वर्षं.

ती पोर म्हणजे जया. तिच्याविषयीच लिहायला बसलोय.

जयानं गुरं राखली. आईची पिशवी धरून ती वाड्यावस्त्यांवर हिंडली. लग्न गावातल्या गावात झालं. दोन्ही पोरींना तिनं शिकवलं, त्यातली थोरली आज नर्स आहे. मग शाळेत पोषण आहार सुरू झाला आणि जया खिचडी शिजवायला लागली. म्हणजे शाळेत ती आली खरी, पण स्वयंपाकघराच्या दारानं. तिच्या हातची खिचडी मी कित्येक वर्षं खाल्ली. त्या दिवसाचा विषय ना तिनं काढला ना मी. तिला आठवतं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती.

निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून मी एसटीच्या थांब्यावर एक फळा टांगला. रोज सकाळी त्यावर लिहायचं, 'आज जन्मलेले थोर लोक'. शास्त्रज्ञ, खेळाडू, सेनापती, जगातला कुणीही. लोक गाडीची वाट बघता बघता वाचायचे. जयाला वाचता येत नाही. ती शाळेत जाताना थांबायची आणि विचारायची, "आज कोन जलमलंय गुरुजी?" मी सांगायचो. ती कान देऊन ऐकायची आणि मान डोलावून पुढं जायची.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी तिला कुणा दुर्बीणवाल्याबद्दल सांगत होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "आनि आपल्या गेणबाचा बी आजच की."

"कोण गेणबा?"

"वरल्या आळीचा. वसुबारस, मंगळवार. दिवं लागल्यालं. नाळ गळ्यात व्हती, आईनं दोन बोटानं काढली."

मला वाटलं, लोणकढी थाप. म्हटलं, बघूच. माझी मुलगी क्षितिजा इथंच, चांगुणाच्याच हातावर झाली. तिची तारीख मी स्वतः डायरीत लिहून ठेवलेली. विचारलं, "माझी क्षितिजा कधीची, सांग."

जया एका दमात म्हणाली, "रथसप्तमी. बुधवार. तुमी दारात येरझारा घालत व्हता आनि तुमच्या पायात दोन येगळ्या चपला व्हत्या."

 बुधवार बरोबर, रथसप्तमी बरोबर. चपलांचं तर मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं!

आमच्या माडीवर ऋतिका नावाची मुलगी भाड्यानं राहते. परभणीची आहे, हिंजवडीला कंप्युटरवर काम करते, भूगावच्या गर्दीला कंटाळून इकडं आली. तिच्या मोबाइलमध्ये जुनी पंचांगं आहेत. मग आमचं सुरूच झालं. जया तिथी, वार आणि अंदाजे साल सांगायची, ऋतिका तारीख काढायची, मी थोर लोकांच्या खाली गावातलं नाव लिहायचो. वार एकदाही चुकला नाही. एकदाही नाही! ऋतिका मला म्हणायची, "सर, हे इम्पॉसिबल आहे. आमचा सर्व्हरसुद्धा इतका भरवशाचा नाही."

हे जमतं कसं, ते जयानं एकदा शाळेच्या पायरीवर तांदूळ निवडताना सांगितलं. बाळंतपण उरकून आई घराकडं निघाली की वाटेतच तिला घोकायला लावायची. घर कुठलं, तिथी कोणती, वार कोणता, रानात काय फुललंय, पोर आधी रडलं की आधी शिंकलं. आई म्हणायची, "पोर त्येंच्याकडं ऱ्हातं, पन त्येचा दिस आपल्याकडं ठेव म्हनून असतो. ठेव इसरायची नसती." रोज पहाटे चूल पेटवताना जया मनानं वरल्या आळीपासून चालायला लागते. एकेका दारात थांबते, त्या घरात कोण कोण आणि कधी जन्मलं ते म्हणते, ओढा ओलांडून खालच्या आळीत उतरते. चहा उकळेस्तोवर गाव होऊन जातं. वारलेल्यांचेही दिवस ती म्हणते. दोन घटका जगून गेलेल्या पोरांचेही म्हणते. मी विचारलं, त्यांचे कशाला? तर माझ्यावरच डाफरली, "जलमली न्हाईत व्हय ती?"

 हजार-बाराशे थोरांची चरित्रं पाठ करून मी स्वतःला विद्वान समजत होतो, आणि ही बाई पाटीला खडू न लावता चारशे माणसं उरात घेऊन फिरते. त्या दिवसापासून तिला एकेरी हाक मारताना माझी जीभ अडखळते. ती हसते आणि म्हणते, "जयाच म्हना, नायतर मला वाटंल दुसरंच कोन बोलावलंय."

याच जयानं गेल्या दिवाळीत मला विचारलं, "गुरुजी, माजं नाव कवा यायचं फळ्यावर?"

 तिचं नाव लिहायचं तर तिचा दिवस विचारावा लागणार. तो विचारायचा म्हणजे शहात्तर सालचा तोच प्रश्न, त्याच तोंडानं. तिच्या आईनं दिलेलं उत्तर मी कानाआड केलं होतं, आता तेच परत सांग म्हणायचं कुठल्या तोंडानं? "बघू, बघू," म्हटलं आणि चष्मा पुसत बसलो. नंतर तिनं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला. भित्रा माणूस, दुसरं काय!

यंदा एक जून रविवारी आला. सकाळी सकाळी दिग्विजयनं फ्लेक्स चढवला. हा दिग्विजय म्हणजे आमचा प्लॉटिंगवाला, माझाच विद्यार्थी. मला म्हणाला, "गुरुजी, आज जगात कोन कोन मोठं जलमलंय, ते झ्याक लिवा फळ्यावर. आमच्या बरूबरीचं!" मी लिहिलं. वाफेच्या यंत्राचं शास्त्र मांडणारा फ्रान्सचा सादी कार्नो. जेट इंजिनवाला फ्रँक व्हिटल. अभिनेत्री नर्गिस. खाली एक ओळ मोकळी राहिली.

तेवढ्यात जया शेताकडं निघाली होती, ती थांबली. सुट्टी म्हणून ऋतिकाही खाली आलेली. दिग्विजय जयाला म्हणाला, "काकू, तुमी बी असत्या तर आमी बासष्ट झालो असतो. पन तुमी पडला जानेवारीच्या!" त्याचं बरोबर होतं. जयाकडं कुठलाच दाखला नाही म्हणून आधार काढणाऱ्यानं एक जानेवारी टाकून दिली होती.

जया फ्लेक्सपुढं उभी राहिली आणि विळ्याच्या टोकानं एकेक फोटो दाखवत सुटली. "ह्यो होळीचा. ही संकष्टीची. ह्यो पोळ्याचा, बैल उधळल्ता तवा. आनि दिग्या, तू रं? नागपंचमीच्या आदल्या दिशी, पायाळू. तुज्या आईनं लई सोसलं." दिग्विजयच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तो खाली बघत म्हणाला, "आईनं कदी सांगितलं न्हाई." एकसष्टच्या एकसष्ट झाले. जया म्हणाली, "ह्यात एक जूनचं एक बी न्हाई."

ऋतिकानं विचारायला तोंड उघडलं, "मग काकू, तुमचा..."

"थांब," मी म्हटलं. "ते मी विचारायचंय."  "जया, तुझा दिवस कुठला?"

ती म्हणाली, "आईनं सांगितल्ता की तुमास्नी, तवाच."

आठवत होतं तर तिला. पन्नास वर्षं, खिचडी वाढतानाही, आठवत होतं, आणि कधी एका शब्दानं बोलली नाही.

"चुकलो मी," मी म्हटलं. "पुन्हा सांग."

तिनं विळा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आईचेच शब्द म्हटले. "वडाची पुनव झाली, त्येच्या दुसऱ्या दिशी. ऐतवार. दिस कासराभर वर. मानसं चांदावर उतरली, त्येच्या आदी दीड म्हैना."

ऋतिकाची बोटं मोबाइलवर फिरली आणि थांबली. तिनं पुन्हा एकदा बघितलं. मग मोबाइल माझ्यापुढं धरला.

१ जून १९६९. रविवार.

 अहो, त्या दिवशी मी नुसता आळस केला असता, बंडोपंतांसारखी एक जून टाकून मोकळा झालो असतो, तरी ती तारीख खरी ठरली असती! एकसष्ट जणांना मी तो दिवस खोटाच वाटून टाकला आणि जिचा होता तिला दारातून परत पाठवलं. भर थांब्यावर, माझ्याच विद्यार्थ्यांसमोर, मी रडलो. दिग्विजय स्टूल घेऊन धावला. मी बसलो नाही.

जया मात्र फळ्याकडं बघत होती. "आज कोन कोन हायेत माज्यासंगं?" तिनं विचारलं. मी नावं वाचली. कार्नो, व्हिटल, नर्गिस. तिनं तिन्ही नावं हळूच म्हणून पाहिली. आता ती तिच्याकडं कायमची राहणार.

मग ती माझ्याकडं वळली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात पुढं जोडून धरले, आणि सात वर्षांच्या पोरीनं मास्तरांशी बोलावं तशी खालच्या आवाजात म्हणाली, "तारीख आनलीया गुरुजी. आता घेताय का शाळंत?"

मी खडू तिच्या हातात दिला आणि मोकळ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, "हितं लिही. 'ज' असा काढतात."