अनुपमाबाईंचा डावा पाय

जोगेश्वरी पूर्वेला दत्ताराम परबचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील आणि तिसरी आली की पहिलीला रस्त्यावर काढावी लागेल, एवढा गाळा. पाटी मात्र गाळ्यापेक्षा लांब: ‘जुन्या-नव्या सर्व गाड्यांचे सेन्सर अचूक तपासून मिळतील.’ यातला ‘अचूक’ पेंटरच्या डोक्यातला नव्हता, दत्तारामने हट्टाने घालून घेतला होता. पुढे त्या शब्दाकडे मान वर करून बघायचीही त्याला चोरी झाली.

अनुपमाबाई त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आपली जुनी गाडी त्या स्वतःच चालवत. दर गुरुवारी मुलुंडला बहिणीकडे, माधुरीताईंकडे, जायचं आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवून भाजीपासून डॉक्टरपर्यंत सगळं उरकून आणायचं, हा त्यांचा नेम. मुलगा सुबोध म्हणे, टॅक्सी कर ना. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, की टॅक्सीत मला मागे बसवतात.

दिवाळीनंतर ती गाडी चढावर बंद पडायला लागली. सिग्नल सुटला, क्लच सोडला, की दोन आचके आणि गप्प. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. सुबोधने एकदा बाजूला बसून हा प्रकार पाहिला आणि निकाल देऊन टाकला, की आईचं वय झालं, तिला आता क्लच जमत नाही.

बाईंनी गाडी दत्तारामकडे आणली. त्याने ऐटीत स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी वाचून दाखवणारी डबी. तिने ऑक्सिजन सेन्सरचं नाव घेतलं. हा सेन्सर बसतो धुराच्या नळीत, आणि तो सांगत होता की इंजिनात पेट्रोल फार जातंय. दत्तारामने फार डोकं न शिणवता तोच काढून फेकला आणि नवा बसवला. नवाही तेच सांगायला लागला. मग त्याने पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला, प्लग बदलले, वायरी तपासल्या. शेवटी स्कॅनरच खोटारडा ठरवून शेजारच्या गॅरेजातून दुसरा मागून आणला. तोही पहिल्याचाच भाऊ निघाला.

सुबोध विचारायला आला, तेव्हा ‘सापडत नाही’ एवढं म्हणायचं होतं. पण त्या पाटीखाली उभं राहून ते शब्द दत्तारामच्या तोंडून निघेनात. इंजिन ओके आहे, तो म्हणाला, क्लचवर बाईंचा पाय थोडा ढिला पडत असेल. बाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचा डावा पाय जमिनीवर हळूच दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. दत्तारामने ते पाहिलं आणि घाईघाईने पान्यांचा डबा लावायला घेतला.

बाईंनी किल्ली सुबोधला देऊन टाकली. गाडी रविवारी भंगारात काढायची ठरली, तोवर ती गॅरेजातच राहिली. दत्तारामला जेवण गोड लागेना. बायकोला, सुगंधाला, त्याने सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापताच निदान केलं.

“तुमचोच सेन्सर गेलो हा,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी त्याने उरलेला एकच सेन्सर काढला, हवेचा. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत बसून तो इंजिनात किती हवा जाते ते मोजतो. स्कॅनरने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, म्हणून दत्तारामनेही घेतलं नव्हतं. उजेडात धरून पाहतो तर आतल्या केसाएवढ्या तारेवर लाल थर जमून भाजलेला, आणि जाळीत अडकलेला तांदळाचा एक दाणा.

तो दाणा दत्तारामच्याच घरचा होता.

दसऱ्याला सगळे गॅरेजवाले पान्यांना नि जॅकला हळदकुंकू लावतात. पण पाटी लागल्यापासून दत्तारामचं म्हणणं असं, की आता खरा मान सेन्सरचा. गेल्या दसऱ्याला बाईंची गाडी सर्व्हिसिंगला आलेली, फिल्टरचा डबा उघडा. लाडक्या बाईंची गाडी म्हणून त्याने कालवलेलं कुंकू आणि अक्षता थेट नळीत वाहिल्या होत्या, वर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ही मॉडर्न पूजा समजावूनही सांगितली होती. कुंकवाने माखलेला सेन्सर तेव्हापासून हवा आहे त्याहून जास्त मोजत होता, कॉम्प्युटर त्या भरवशावर जादा पेट्रोल ओतत होता, आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. त्याला दत्तारामने फेकून दिलं. बाईंचंही त्याने तेच केलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

स्प्रेचा एक फवारा मारला असता तर सगळं धुऊन निघालं असतं. गाडी पळाली असती, ‘अचूक’ शाबूत राहिला असता, वर दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडताही आलं असतं. बाईंचा पाय तेवढा ढिलाच राहिला असता. त्याने सेन्सर न पुसता कागदात गुंडाळला आणि बाईंचं घर गाठलं.

दारातच उभं राहून त्याने पूजेपासून सगळं सांगून टाकलं. सुबोध आधी हसला, मग आईचा चेहरा बघून थांबला. बाईंनी चष्मा चढवून ती तार पाहिली.

“म्हणजे माझा पाय बरोबर होता,” त्या म्हणाल्या.

“बरोबर होता बाई. मला बिघाड सापडेना, म्हणून तुमच्या पायावर ढकलला.”

बाईंनी सेन्सर पुन्हा कागदात नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला. नापास झाल्यावर घरी सांगायला किती धीर लागतो, हे दत्तारामला बऱ्याच वर्षांनी आठवलं.

“दसऱ्याला गाडी तुझ्याकडेच आणणार,” बाई शेवटी म्हणाल्या. “पण कुंकू तुझ्या कपाळाला लावायचं. बिघाड तिथे आहे.” आणि त्यांनी सुबोधपुढे हात केला. त्याने मुकाट्याने किल्ली त्यावर ठेवली.

सेन्सर साफ करून बसवला आणि बाई गाडी घेऊन निघाल्या, दत्ताराम बाजूला. पुलाच्या चढावरच सिग्नल लागला. मागे बस येऊन चिकटली. सिग्नल सुटला तसा बाईंनी क्लच हलकेच सोडला आणि गाडी तसूभरही मागे न येता वर निघाली. दत्तारामने मात्र घाबरून दोन्ही पाय मॅटवर गच्च दाबून धरले होते. बाईंनी ते तिरक्या नजरेने पाहिलं.

“पाय वर घे दत्ताराम,” त्या म्हणाल्या. “गाडी मी चालवतेय.”