वहिनी आणि आमचा बंद फ्रिज

आमच्या वहिनी विधान परिषदेच्या आमदार आहेत. त्याआधी त्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या, आणि तो विषय त्यांनी अजून सोडलेला नाही. ग्राहकांच्या फसवणुकीवर त्या सभागृहात तळमळीने बोलतात. लोक वाहवा करतात. वहिनींबरोबर खरेदीला जावं लागत नाही ना त्यांना!

गेल्या मे महिन्यात आमचा नवाकोरा फ्रिज बंद पडला. कंपनीचा माणूस नायगावला घरी आला, मागची जाळी जेमतेम हलवली आणि म्हणाला, "व्होल्टेज वरखाली झालंय. वॉरंटीत बसत नाही." मी तक्रारी करून थकलो. फ्रीजरमधली कोलंबी टाकून द्यावी लागली तेव्हा बायको भडकली.

"घरात आमदार आहे, आणि आपण शेजाऱ्यांकडे बर्फ मागतोय!"

मी वहिनींना फोन लावला. "एक शब्द टाका ना."

"शब्द टाकत नाही, भाऊजी. बरोबर येते."

सातिवलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बाकावर बरीच माणसं ताटकळत होती. मॅनेजरने वहिनींना ओळखलं आणि धावतच बाहेर आला. खुर्च्या आल्या, सरबत आलं. माझी तक्रार त्याने पूर्ण ऐकलीही नाही. "मॅडम, काळजीच नको. संध्याकाळपर्यंत नवीन फ्रिज घरी पोचेल."

मला हायसं वाटलं. मी उठलोसुद्धा. वहिनी मात्र बाकावरच्या एका बाईंकडे वळल्या. "तुमचं काय काम आहे?"

बाई चंदनसारला डबे करून द्यायच्या. त्यांचाही फ्रिज बंद होता, आणि रोज भाजी नासत होती. "मला पन व्होल्टेजच सांगितलं," त्या म्हणाल्या. "घरी कोनी बघायला पन आलं नाय."

वहिनींनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. "न बघताच कसं कळलं हो तुम्हाला?" मॅनेजर बाईंच्या तक्रारीचा कागद शोधू लागला. "आधी यांच्या घरी माणूस पाठवा. मग बाकीच्यांच्या. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी द्या. आमचा नंबर शेवटी आलाय, आमचं शेवटी बघा."

"वहिनी!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "तो देतोय ना!"

"तो आमदाराला देतोय. फ्रिज गिऱ्हाइकाने घेतला होता."

गाडीत मी धुमसत होतो. तत्त्वं त्यांची आणि नासलेलं दूध माझं, हा कुठला न्याय? घरी बायकोला सांगितलं तर तिने मलाच फैलावर घेतलं. "त्यांना न्यायचं कशाला मग?"

पुढे डबेवाल्या बाईंचा फ्रिज बदलून मिळाला. तिथल्या आणखी काहींचंही काम झालं. वहिनींनी फोन करून हे आनंदाने सांगितलं, तेव्हा मी बादलीतल्या बर्फात दुधाची पिशवी खोचत होतो. आमच्याकडे माणूस आला तोवर जून लागला होता. त्याने या वेळी सगळं नीट तपासलं, बिघाड कारखान्यातलाच असल्याचं लिहून दिलं आणि फ्रिज बदलून मिळाला.

वहिनींचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टच्या कंपनीची तक्रार घेऊन आले. "तुमच्या वहिनींना जरा सांगता का?"

"सांगतो की," मी म्हणालो. "पण तोवर जिने चढायची तयारी ठेवा."