ड्रायरवरचं दुसरं कुलूप

मेंटेनन्सवाल्याशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात, उरलेले नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते. किश्श्यांचा डबा मात्र परवाच्या एका शनिवार-रविवारीच भरून वाहायला लागला.

माझा नवरा मंदार राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. लग्नाला पाच महिने झाले. पहिल्याच आठवड्यात त्याने आमच्या नव्या मिक्सरवर ‘पुढील सर्व्हिस’ असं लिहून तारखेचा स्टिकर चिकटवला होता. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

*

सोमवारी माझी पहिली नोकरी सुरू होणार होती, नरोलीच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. युनिफॉर्मशिवाय गेटच्या आत सोडणार नाही, असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. दोन जाड निळे कोट मिळाले होते. दोन्ही धुतलेले, आणि श्रावणातल्या सिल्वासाच्या हवेत दोन दिवस पंख्याखाली टांगूनही खिसे ओलेच.

शनिवारी संध्याकाळी ते ड्रायरमध्ये टाकले आणि बटण दाबलं. काही नाही. दिवा लागला, पण आत हालचाल शून्य. आदल्याच दिवशी मंदारचा लग्नातला कुर्ता त्यात छान वाळला होता.

मी मंदारला हाक मारली. तो आला, ड्रायरकडे पाहिलं, आणि खण उघडून एक छापील कागद काढला. ब्रेकडाउन स्लिप!

“तक्रार करणारा विभाग?”

“स्वयंपाकघर,” मी म्हटलं.

त्याने तसं लिहिलं.

*

पुढच्या अर्ध्या तासात चौधरीकाका आले. काका म्हणजे अमळनेरचे, मंदारच्या प्लांटमधले सगळ्यात जुने फिटर, आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. चालत्या मशीनला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचं, ही त्यांची ख्याती.

काकांनी स्क्रूड्रायव्हर ड्रायरला टेकवला, कान लावला, डोळे मिटले.

मी हळूच म्हटलं, “काका, तो बंद आहे.”

काकांनी डोळे उघडले नाहीत. “बंद मशीनबी बोलस, पोरी. ऐकनारा पाहिजे.”

दोन मिनिटांनी त्यांनी निदान केलं. “मोटर.”

*

मग इलेक्ट्रिशियन बिपिनभाईंना बोलावणं गेलं. हे राखोलीचेच, गुजराती-मराठी एकाच घासात बोलतात. त्यांचा मोटरवर विश्वास नव्हता. त्यांनी ड्रायरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला. मिक्सर घरघरला.

“भाभी, सप्लाय तो बराबर छे.” मग मिक्सरच्या रिकाम्या भांड्यात डोकावून म्हणाले, “चालू केलाच आहे तर चटणी करून घ्या ना.”

मी केली. तिघांनी ती ब्रेडला लावून खाल्ली. त्या संध्याकाळी घरात पूर्ण झालेलं तेवढंच एक काम.

*

चटणीच्या वेळी मी तोंड उघडलं. “दार लावताना आधी ‘टक’ असा आवाज यायचा. आज येत नाही.”

मी बोलते कमी, आणि बोलते ते हळू. तरी तिघांनी ऐकलं, कारण तिघंही एकदम हसले.

“ऑपरेटर नेहमी असंच सांगतो,” मंदार म्हणाला. “काल चालत होतं, आज आवाज वेगळा येतोय. लिहून घेतो नंतर.”

स्लिपवर ‘ऑपरेटरचे म्हणणे’ असा रकाना होता. तो रिकामाच राहिला. चटणीचा डाग तेवढा पडला.

*

रविवारी मंदारची सकाळची शिफ्ट होती. जाताना त्याने ड्रायरचा प्लग एका जुन्या लाल डबीत घातला, डबीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्यांच्याकडे नियमच आहे. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने वीज तोडून तिथे आपापलं कुलूप लावायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. साहेब असो नाहीतर मालक, दुसऱ्याच्या कुलपाला हात नाही.

“दुपारी येऊन मोटर उतरवतो,” तो दारातून म्हणाला.

“आणि उद्या सकाळी माझे कोट?”

“बघू.”

मोटर उतरली की आठवडाभर परत चढत नाही, हे मला पाच महिन्यांत कळलं होतं. आमच्या टेबलफॅनची मोटर दिवाणाखाली आहे.

तो गेल्यावर मी सुटकेसचं छोटं कुलूप काढलं, त्याच्या कुलपाशेजारी डबीच्या कडीत अडकवलं, आणि मगच ड्रायरचं दार उघडलं. नियम म्हणजे नियम. दाराचा आकडा ज्या खाचेत बसतो तिथे मोबाइलचा उजेड पाडला. मग केसातली पिन काढली.

*

साडेतीनला तिघंही आले. काकांकडे पाने, बिपिनभाईंकडे मीटर. उतरवण्याआधी एक शेवटची ट्रायल घ्यायची असं ठरलं. मंदारने आपलं कुलूप काढलं आणि थबकला.

“हे दुसरं कुणाचं?”

“माझं,” मी म्हटलं.

ते कुलूप इतकं किरकोळ होतं की बिपिनभाईंच्या टेस्टरनेही उघडलं असतं. पण तिघांपैकी एकानेही हात लावला नाही. काकांनी तर पाना खाली ठेवला.

“काढ ना मग,” मंदार म्हणाला.

“माझं काम संपलं नाही. स्लिपवर एक रकाना रिकामा आहे.”

बिपिनभाई खुदकन हसले. “मंदारभाई, लिखो.”

मंदारने स्लिप आणली, पेन उघडलं. “बोला. ऑपरेटरचं म्हणणं काय?”

“दार लावताना टक होत नाही,” मी म्हटलं, शब्द लिहिता येतील अशा गतीने. मग मूठ उघडून तळहातावरचा तांदळाचा लालसर, फुगून वाळलेला दाणा दाखवला. अक्षत. शुक्रवारी वाळवलेल्या कुर्त्याच्या खिशातली.

मी कुलूप काढलं, प्लग लावला, दार लावलं. टक. बटण दाबलं आणि माझे दोन निळे कोट आत गरगर फिरायला लागले.

काकांनी दाणा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग मंदारच्या हातातून पेन आणि स्लिप घेतली आणि उरलेले रकाने मोठ्याने म्हणत भरायला बसले.

“बिघाड, दाराच्या खाचेत अक्षत. दुरुस्तीचे साहित्य, केसांची पिन. मूळ कारण...” काकांनी जरा विचार केला. “लग्न.”

शेवटचा रकाना होता, ‘पुन्हा होऊ नये म्हणून उपाय’. काकांनी पेन थांबवलं, आधी मंदारकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारून खाली सही केली.